तोंडं आत, पांढरं बाहेर

अक्का, फाट्यावरच्या फ्लेक्सवर तुझ्या खांद्यावर एक हात आहे. मनगटाला काळ्या पट्ट्याचं घड्याळ, बोटात चांदीचं वेढं. हात माझा आहे. मी मात्र त्यात कुठंच नाही. तुझ्या लेकाच्या, बाळूच्या लग्नात आपण दोघी शेजारी उभ्या होतो, तो फोटो. त्यानंच तो मोबाईलवरून छापखान्यात पाठवला, छापणाऱ्यानं मला कापून टाकलं आणि हात तेवढा तुझ्या खांद्यावर राहून गेला. ह्या बाईच्या खांद्यावर कुणाचा हात आहे, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायला हवं. पण कुणी विचारलं नाही. फ्लेक्स कुणी बघत नसतं, फक्त कुणाचा लागला एवढंच बघतात, हे तूच म्हणायचीस.

तुझं तेरावं झालं. जेवणं झाली, पत्रावळ्या उचलल्या, मंडपवाला खुर्च्या मोजून घेऊन गेला. मला रडू येतंय, नाही असं नाही. पण त्याच्या आधी दुसरंच काही येतं. गेले सगळे दिवस असंच चाललंय. हुंदका यावा आणि तेवढ्यात काहीतरी असं दिसावं की हुंदका मागे फिरावा आणि त्याच्या जागी किळस यावी. तुला सांगितल्याशिवाय ती जाणार नाही, म्हणून लिहितेय. तुला वाचता येत नव्हतं, तेव्हा मी मोठ्यानं बोलतेय असं समज.

आधी त्या फ्लेक्सचंच सांगते. त्यात तुझा फोटो पापडाएवढा. तुझ्या वर इथल्या पुढाऱ्याचं, म्हणजे साहेबांचं डोकं, परातीएवढं. साहेबांच्या दोन्ही अंगांना लहान डोकी, त्यांच्या खाली आणखी लहान डोकी, आणि तळाला गावातली पोरं, त्यातली निम्मी काळा चष्मा लावून. मयताच्या फ्लेक्सवर गॉगल. ‘भावपूर्ण’मधला पू ऱ्हस्व. ‘श्रद्धांजली’ तर त्यांनी अशी काही लिहिलीय की वर्गातल्या पोरानं लिहिली असती तर मी त्याला फळ्यापाशी उभं केलं असतं. आणि सगळ्यात खाली, त्या गॉगलवाल्यांच्या डोक्यावर, ठळक पिवळ्या अक्षरांत काय छापलंय माहितेय? ‘शुभेच्छुक’. छापखान्यात वाढदिवसाचा साचा तयार असतो, त्यातलंच एक नाव काढून दुसरं घातलं असणार. म्हणजे तू मेलीस आणि अख्ख्या गावानं तुला त्याबद्दल शुभेच्छा दिल्या.

साहेब तुला ओळखत नव्हते. तू मात्र त्यांना चांगली ओळखत होतीस. मागच्या वाढदिवसाला त्यांचा जो फ्लेक्स लागला होता, त्याची तू खोळ शिवलीस आणि अख्खा पावसाळा ती डोक्यावर घेऊन खुरपायला गेलीस.

तुझी ती खोळ. आपल्या लहानपणी पोत्याची असायची. पोत्याचा एक खालचा कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात दाबून घातला की टोपडं तयार, पाठीवर पोतं लोंबतं, पाऊस घोट्यापाशी गळतो. पुढं पोती प्लॅस्टिकची झाली आणि फाटायला लागली. मग चौकाचौकात फ्लेक्स आले आणि तुला सोन्याची खाण सापडली. दाभणानं एक बाजू सुतळीत टाचायची, कोपरा आत घालायचा, झालं काम. त्यात तुझा एक नियम होता: तोंडं आत, पांढरं बाहेर. छापील बाजू डोक्याकडं आणि कोरी पाठ पावसाकडं. कारण विचारलं की दर वेळी वेगळं सांगायचीस. मला म्हणालीस, “बैल बुजतेत.” सुनेला म्हणालीस, “सायेबाला पावसात भिजवावं का गं?” खरं कारण मला बाळूनं सांगितलं. पहिल्या साली तू तोंड बाहेर ठेवलं होतंस, बांधावर पाठमोरी बसली होतीस, आणि मागून आलेल्या कुणीतरी तुझ्या पाठीला वाकून रामराम घातला.

आज त्या फ्लेक्सखाली उभी राहून मला त्याच गोष्टीचं हसू आलं. शेजारी दोघं चहा पीत होते, ते बघायला लागले.

कारखान्याचे दिवस तुला जास्त आठवायचे, कारण तू मोठी होतीस. दसरा झाला की आई-बा आपल्याला गाडीत घालून ऊस तोडायला न्यायचे, आणि थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परत. पाचटाच्या कोपीत, उसाच्या वाळल्या पानांच्या झोपडीत राहायचं. घरात वस्तू किती, तर तवा, पातेली, फुकणी, मिठाचा डबा, तेलाचा डबा, काडेपेटी, खराटा. त्यातलं आई ऊस तोडायला फडात गेल्यावर जे मोकळं सापडेल ते आपलं खेळणं. ज्वारीच्या धाटांची गाडी करायचीस तू, बाभळीचे काटे ठोकून. खराट्याच्या काड्या हा ऊस. त्याची मोळी बांधायची उसाच्या हिरव्या शेंड्याच्या, वाढ्याच्या धाग्यानं, आणि ती गाठ तू अशी मारायचीस की दातानं सुटायची नाही. मला ती कधी जमली नाही. आणि आपण दोघी मिळून एक कोयता. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटं माणूस म्हणजे अर्धा, हा टोळीच्या ठेकेदाराचा, मुकादमाचा हिशेब आपण शाळेतल्या पाढ्यांच्या आधी शिकलो. तू म्हणायचीस, “मी अर्दा, तू अर्दा. चल, फडात.”

आणि तो कारखाना. तेलाचा डबा पालथा घातलास, वरून खिळ्यानं भोक पाडलंस, त्यात आईची फुकणी उभी केलीस आणि खाली धुमसणारी गोवरी सरकवलीस. फुकणीतून धूर निघाला. खऱ्या कारखान्याचा धूर लांबून दिसायचा आणि आपला इथं, हाताशी. शेजारच्या कोपीतली पोरं बघायला आली. संध्याकाळी आई फडातून आली, चुलीपाशी बसली, इकडं तिकडं चाचपडली आणि मग तिला तो धूर दिसला. मला वाटलं आता बसतंय धपाट्यांचं जेवण. आई म्हणाली, “कारखाना बंद करा आता. भाकरी करायची हाय.”

मुकादम मात्र वांग्याचा होता. आईनं भाजीला ठेवलेलं सगळ्यात मोठं वांगं तू लपवलंस. चार काड्या खोचून हातपाय केलेस, डोक्यावर सोड्याच्या बाटलीचं बूच, आणि काडेपेटीची बाज करून त्यावर त्याला बसवलंस. टोळी राबायची आणि तो बसून राहायचा. त्यानं करायचं काय, असं मी विचारलं. तू म्हणालीस, “काई न्हाई. बसायचं.” थोड्या दिवसांनी तो पोटातून मऊ पडला, खाली पाणी सुटलं, चिलटं घोंगावायला लागली. आई म्हणाली, “फेक ते, वास यायलाय.” तू म्हणालीस, “असू दे, आई. आजून नासू दे.” एकदा खराच मुकादम कोपीपाशी आला आणि त्यानं बाजेवरचं ते प्रकरण पाहिलं. “हे काय गं पोरी?” तू मान वर करून म्हणालीस, “तुमी.” माझा जीव उडाला. पण तो हसला, अक्का. त्याला वाटलं त्याला मान दिलाय. त्यानं खिशातून दोन गोळ्या काढून दिल्या आणि गेला. परवा फ्लेक्सवर साहेबांचं ते परातीएवढं समाधानी तोंड पाहिलं आणि त्या वांग्याचा वास माझ्या नाकात आला, इतक्या वर्षांनी.

पाचवीत मला आश्रमशाळेत घातलं. तुला घातलं नाही. का, ह्याचं उत्तर बा देत नव्हता आणि आईला देता येत नव्हतं, तेव्हा तूच द्यायला लागलीस. “हिला मोळी बांधता येत न्हाई, म्हणून हिला शिकवायलो,” असं तू येईल त्याला सांगायचीस आणि लोक हसायचे. माझ्या डी.एड.च्या निकालालाही तू तेच सांगितलंस. माझ्या हेडमास्तरांना सुद्धा. मी रागवायचे आणि तू पुन्हा सांगायचीस. त्या थट्टेखाली तू काय झाकत होतीस ते मला फार लवकर कळलं होतं, पण आपण त्यावर कधी बोललो नाही. तू हसत होतीस तोवर मला बोलता येत नव्हतं, आणि तू हसायची थांबली नाहीस. आता बोलायचं तर कुणाशी? शिकले ते तुझ्यामुळं, एवढं तरी तोंडावर सांगायला हवं होतं. ते आता सांगतेय.

आपलं भांडण दुसरंच होतं. ते शेवटपर्यंत मिटलं नाही. तुला सगळं ठेवायची सवय आणि मला सगळं फेकायची. तुटकी चप्पल, सायकलची ट्यूब, औषधाच्या बाटल्यांची बुचं, छत्रीच्या काड्या, साडीचे काठ, पेनाचं टोपण. काहीही हातात आलं की तू ते उलटंपालटं करून बघायचीस आणि म्हणायचीस, “असू दे, लागंल.” घराच्या मागच्या भिंतीला तुझं ते पोतं टेकलेलं असायचं. आम्ही त्याला लागंलचं पोतंच म्हणायचो. नोकरीच्या गावाहून, सिरसाळ्याहून मी आले की आधी त्या पोत्याला नावं ठेवायची, मग पाणी प्यायचं. “काय लागतं गं ह्यातलं? कधी लागलंय?” आणि तू हात घालून काहीतरी काढायचीस आणि माझ्या पोरांच्या हातात द्यायचीस. रिळाचा ट्रॅक्टर. बुचाची भिंगरी. पोरं मोबाईल टाकून मातीत लोळायची आणि मी हरायचे.

मी हरायला तयार नव्हते, कारण मला त्या वस्तूंची किळस येऊ लागली होती. खोटं कशाला बोलू. तुझ्या वस्तूंची नाही, त्यांच्याभोवती लोक जे लाळ गाळून कौतुक करतात त्याची. आमच्या शाळेतल्या बायकांच्या ग्रुपवर रोज एक चित्र येतं. काडेपेटीचा फोन, टायर फिरवणारं पोर, आणि खाली, ‘गेले ते सोन्याचे दिवस’. एकदा मी मधल्या सुट्टीत बाच्या चपलेची गोष्ट सांगितली. बाची एक चप्पल तुटली होती, ती कापून गाडीची चाकं करायची म्हणून तू कोयता घेतलास आणि तुटकीऐवजी चांगली कापलीस. चाकं छान झाली. बा मग एका पायात चप्पल आणि एका पायाला फडकं बांधून फडात जात राहिला. गोष्ट संपल्यावर एक बाई म्हणाल्या, “किती क्रिएटिव्ह होता ना तुम्ही!” बाच्या टाचेत उसाच्या खोडाची टोकदार कपची शिरली होती, पाय सुजून आला होता. त्याबद्दल कुणी विचारलं नाही. मी डबा बंद केला आणि वर्गावर गेले.

हे मी तुला सांगितलं, तेव्हा तुला माझ्यासारखा राग यावा असं मला वाटत होतं. तू म्हणालीस, “चाकं चांगली झालती पर.” मी चिडले. म्हणाले, “अक्का, आपल्याकडं काही नव्हतं म्हणून आपण ते केलं. बाजारातली गाडी मिळाली असती तर चप्पल कापली असती का?” तू जरा विचार केलास आणि म्हणालीस, “कापली आसती. बाजारच्या गाडीला मोळी रचता येत न्हाई.”

आमच्या शाळेत टाकाऊतून टिकाऊचं प्रदर्शन होतं, तेव्हा तुला घेऊन गेले होते, आठवतं? पोरांनी आईस्क्रीमच्या काड्यांची घरं केली होती. कोऱ्या काड्या, दुकानातून पाकिटानं आणलेल्या, वर विकतचा गोंद आणि विकतची चमकी. तू प्रत्येक घरापाशी वाकून बघितलंस. मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलंस, “इतक्या काड्या हायत्या, मंग आईस्क्रीम कुणी खाल्लं?” मी इतकी हसले की मला बाहेर जावं लागलं. तुला वाटलं मी तुला हसले. परतताना तू माझ्या पुढंपुढं चालत राहिलीस. मी तुला हसले नव्हते, अक्का.

आणि तो रेनकोट. मागच्या पावसाळ्याआधी मी तुला बीडहून चांगला रेनकोट आणला, निळा, टोपीचा. आपली बहीण पुढाऱ्याचं तोंड डोक्यावर घेऊन शेतात जाते हे मला बघवत नव्हतं. तू तो हातात घेतलास, बटणं उघडलीस, लावलीस, नाकाशी नेऊन वास घेतलास, घडी घालून परत पिशवीत ठेवलास आणि म्हणालीस, “असू दे, लागंल.” मी म्हणाले, “लागंल नाही, आत्ता घाल.” तू म्हणालीस, “हे घालून खुरपायला गेले तर बाया मला हसतेल.” मी म्हणाले, “आणि साहेबाचं तोंड घातलं तर हसत नाहीत?” तू म्हणालीस, “ते आत आसतंय.” मी रागानं त्याच संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. नंतर आपण फोनवर बोललो, पुष्कळदा बोललो, पण रेनकोटाचं नाव दोघींनी काढलं नाही.

तू गेल्यावर मला तुझं काहीतरी हवं होतं. दागिना नको, साडी नको. तुझ्या हातानं केलेलं काहीतरी. माती सावडून झाल्यावर मी मागच्या भिंतीपाशी गेले तर तिथं पोतं नव्हतं. जमिनीवर नुसता ओलसर गोल डाग. सुनेला विचारलं. ती म्हणाली, “भंगारवाला आलता मावशी. घर सवच्छ करायचं व्हतं.” आणि तिनं मला नवी लाल बादली दाखवली. पोत्याच्या बदल्यात मिळालेली. तुझं आख्खं आयुष्य काडी-काडी करून त्या पोत्यात गोळा झालं होतं, त्यात तुझी खोळही होती, आणि त्याची एक बादली आली. दहाव्याला त्याच बादलीनं पाणी भरलं. मी त्या पाण्याला हात लावला नाही. सुनेला मी बोलले नाही, पण तिच्याकडं बघितलं, आणि तिला ते बोलण्याहून जास्त लागलं असणार. संध्याकाळी ती माझ्यापाशी आली आणि एक पिशवी माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, “हे तेवढं ठिवलं व्हतं. नवं हाय म्हणून.” तो निळा रेनकोट होता. घडीही मोडलेली नव्हती. म्हणजे तुझ्या घरातून मला मिळालं ते मीच आणलेलं.

त्यानंतर मी फाट्यावर जाऊन पहिल्यांदा तो फ्लेक्स नीट बघितला. बाळूला घेऊन गेले आणि म्हणाले, “हे काढ.” तो म्हणाला, “कावून? साहेब तेराव्याला येणार हायेत.” मी म्हणाले, “वाच, खाली काय लिहिलंय. शुभेच्छुक म्हणजे काय माहितेय ना?” त्यानं वाचलं. अक्का, त्याचं तोंड असं उतरलं की मलाच कसंतरी झालं. तो म्हणाला, “मावशी, आईचा फोटू चौकात कदीच लागला न्हवता. मला वाटलं, एकदा लागू दे.” तुझा लेक साहेबांच्या मागं फिरतो म्हणून मी त्याला वर्षानुवर्षं नावं ठेवलीत. पण त्याच्याकडं आईला द्यायला हाच एक मान होता, आणि तो त्यानं दिला.

थोड्या वेळानं बघते तर तो शिडीवर. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या कागदावर त्यानं ‘शोकाकुल’ लिहिलं होतं, आणि बाभळीचा डिंक पाण्यात कालवून तो कागद त्या पिवळ्या अक्षरांवर डकवत होता. बोटानं, कडेकडेनं दाबत. मी विचारलं, “फेविकॉल नाही का?” तो शिडीवरूनच म्हणाला, “आईनं हेच शिकवलंतं.” तुझ्या हातचं काही उरलं नाही असं मी म्हणत होते ना? ते शिडीवर उभं होतं, तेव्हा मला दिसलं नाही.

साहेब तेराव्याला आले नाहीत. त्यांचा एक माणूस आला, माईक घेऊन उभा राहिला आणि तुला सलग दोनदा ‘कलाबाई’ म्हणाला. तुझं नाव त्याला कुणी सांगितलं नव्हतं, तू काहीतरी कला करायचीस एवढंच सांगितलं होतं. तुझ्या स्मृतीत टाकाऊतून टिकाऊ स्पर्धा घेऊ, पोरांना सामानाची पाकिटं फुकट वाटू, असं त्यानं जाहीर केलं. पाकिटं. टाकाऊची पाकिटं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेराव्याला, आणि मी उठून चुलीकडं गेले.

चुलीपाशी तुझी शेजारीण, गोदाकाकू, पुऱ्या लाटत होती. तिथं मला शेवटचा घाव बसला. काकू बाळूला हळूच म्हणत होती, “उतारल्यावर तेवढं मला दे बाबा. म्हशीच्या गोठ्याला आडोसा न्हाई.” उतारल्यावर म्हणजे तुझा फ्लेक्स. तुझं गोड जेवण अजून कढईत होतं आणि हिनं तुझं तोंड गोठ्याला बांधायला सांगून ठेवलं. तिच्याच हातातलं लाटणं ओढून तिच्या डोक्यात घालावं असं वाटलं. मग आठवलं, की तू दर वाढदिवसाला, दर निवडणुकीला, दर मयताला हेच करायचीस. फ्लेक्स वर चढत असतानाच खालून ओरडायचीस, “उतारल्यावर मला द्या रे!” काकू तुझ्याच शाळेची. तरी राग गेला नाही.

आज सकाळी मी सिरसाळ्याच्या एसटीला फाट्यावर येऊन थांबले. आणि पोरं शिडी घेऊन आली. साहेबांचा वाढदिवस आलाय. नवा फ्लेक्स गुंडाळून आणला होता, चौकट तीच वापरायची होती. बाळूही त्यांच्यात होता, माझ्याकडं न बघता दोऱ्या सोडत होता. एका पोरानं तुझी वरची दोरी कापली आणि तू सगळ्या डोक्यांसकट खाली मुरुमावर आलीस. त्यातल्या एकाचा बूट तुझ्या गळ्यापाशी पडला.

“पाय काढ,” मी म्हणाले. फार मोठ्यानं म्हणाले नसेन, पण तो दोन पावलं मागं गेला.

गोदाकाकू विळा घेऊन तिथं आलीच होती. मी फ्लेक्सचं एक टोक धरलं. तिनं दुसरं धरलं होतं. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो, धुणं पिळायला धरल्यागत. मी म्हणाले, “काकू, हे मला हवंय.” ती म्हणाली, “तुला लागतंय व्हय? मंग आदीच सांगायचं की. घे. मला काय, हे आता चढायलंय त्येच आठ दिसानं उतरंल.” आणि तिनं टोक सोडून दिलं. एवढ्या साऱ्या दिवसांत माझ्याशी तुझ्यासारखं धड बोललेली ती पहिली बाई. मी तिचा विळा मागितला.

लिंबाखाली फ्लेक्स पसरला. साहेबांच्या हनुवटीखालून कापायला सुरुवात केली आणि आडवा फाडत नेला. वरची सगळी डोकी काकूला दिली. ती म्हणाली, “म्हशीला चालतंय.” खाली उरलीस तू, तुझ्या खांद्यावरचा माझा हात, आणि तळाची गॉगलवाली पोरं. बाळूनं डकवलेला कागद उन्हानं वाळून अर्धा सुटला होता, तरी ‘शोका’ एवढं घट्ट होतं. पोरांची डोकीही मी कापून टाकली, कागद तेवढा ठेवला. बाळू येऊन शेजारी उकिडवा बसला. काकूनं पदराला खोचलेलं दाभण काढून दिलं. सुतळी नव्हती, तर बाळूनं तोडलेल्या दोरीचाच एक पदर उसवून दिला.

टाचायला जमलं. घडी मात्र चुकली. मी कोपरा बाहेरच्या अंगाला वळवला आणि ते टोपडं व्हायच्या ऐवजी नुसतं फडकं लोंबायला लागलं. काकू म्हणाली, “तसं न्हाई. कोपऱ्यात कोपरा घाल. आन आदी उलटं कर. तोंडं आत.” मी उलटं केलं. कोपऱ्यात कोपरा घातला, दाबला. वरून एक गाठ मारली, खराट्याच्या काड्यांच्या मोळीला तू मारायचीस तशी. बाळूनं ओढून बघितली. सुटली नाही.

तेवढ्यात एसटी आली. नव्या फ्लेक्सवर साहेब वर चढत होते आणि पोरं खालून “डावीकडं, डावीकडं” ओरडत होती. मी खोळ डोक्यावर घेतली आणि पायरी चढले. आत शाईचा वास होता, अंधार होता, आणि कपाळाला तुझा गाल लागत होता. तुझ्या खांद्यावरचा माझा हातही आतच होता. बाहेर सगळं कोरं पांढरं. निळा रेनकोट माझ्या पिशवीत तळाशी होता, अजून घडीतच.

गाडीत सगळे बघत होते. वैशाखाचं ऊन, आभाळात ढगाचं नाव नाही. कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला. म्हणाला, “बाई, पाऊस कुटं हाय?”

“लागंल,” मी म्हणाले.